उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की विचारणा सुरू होते. मावशीचा फोन, ऑफिसातल्या सहकाऱ्याचा मेसेज, सोसायटीच्या लिफ्टमध्ये गाठणारे शेजारी. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. तुमचा प्रश्न थेट शोधा, सगळं वाचायची सक्ती नाही.

१. मे महिन्यात खरंच गारवा कुठे असतो?

नाव विचारू नका, उंची विचारा. साधारण दर १,००० मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. हे पुस्तकी वाटत असेल तर वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाऊन बघा. वाईत गाडीचा एसी बंद करायची हिंमत होत नाही. निम्मा घाट चढल्यावर कोणीतरी काच खाली करतं. संध्याकाळची वेळ असेल तर वर पोचेपर्यंत मागच्या सीटवरची आजी "काच लावा रे, वारं लागतंय" म्हणते. फरक जेमतेम ६०० मीटरचा, म्हणजे चारेक अंशांचा.

हाच हिशेब पुढे लावा. १,००० मीटरच्या आसपासच्या ठिकाणी उन्हाची धार बोथट होते, पण दुपार गरमच असते. १,३०० ते १,६०० मीटरला सावलीत बरं वाटतं आणि रात्री पांघरूण लागतं. २,००० च्या वर स्वेटर घालावा लागतो. ३,००० च्या वर थंडी भरपूर, पण दम लागतो. त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

२. लोणावळा-खंडाळा चालेल का? जवळ पडतं.

मे महिन्यात नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि लोणावळा ६२५ च्या आसपास. म्हणजे पुणेकर पेट्रोल जाळून साठ-पासष्ट मीटर वर जातात आणि टोलनाक्यावर तेवढ्याच उन्हात उभे राहतात. लोणावळा हे पावसाळ्याचं ठिकाण. ६९० मीटरवरच्या आंबोलीचंही तेच. जूनअखेर जा, धबधब्याखाली भिजा, कोणी अडवणार नाही.

३. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात कुठे जावं?

पहिलं नाव महाबळेश्वरच, कितीही नाकं मुरडली तरी. उंची सुमारे १,३५० मीटर. मे महिन्यात दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो, पण संध्याकाळी वाऱ्याला गारवा असतो. स्ट्रॉबेरीसाठी जाणार असाल तर मेची वाट पाहू नका. हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुमाराला आटोपतो. मे महिन्यात 'स्ट्रॉबेरी विथ क्रीम'मधलं क्रीम तेवढं ताजं असतं. जांभळं आणि तुती मात्र मिळतात. बाजारपेठेपासून थोड्या अंतरावरचं क्षेत्र महाबळेश्वर, जिथे कृष्णेचा उगम मानतात, तिथे सकाळी लवकर जा. दहानंतर पार्किंगमध्येच अर्धा तास जातो.

विदर्भातल्या लोकांनी महाबळेश्वरपर्यंत धावण्याआधी चिखलदऱ्याचा विचार करावा. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, सुमारे १,१०० मीटरवर आहे. अमरावतीत ४४ असताना इथे पाच-सहा अंश कमी. याला कोणी थंडी म्हणणार नाही, पण रात्री गच्चीवर झोप लागते. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच, आणि गाविलगडाचा किल्ला अगदी शेजारी आहे.

खानदेशासाठी तोरणमाळ. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात, साधारण तेवढीच उंची, वर यशवंत तलाव. हॉटेलं मोजकी आहेत, त्यामुळे ऐनवेळी जाऊन खोली शोधायचा बेत करू नका. ज्यांना संध्याकाळी बाजारात भटकल्याशिवाय सहल झाल्यासारखी वाटत नाही, त्यांनी इकडे फिरकू नये.

पन्हाळा कोल्हापूरकरांना एका दिवसासाठी ठीक. भंडारदरा सुंदर, पण मे महिन्यात धरणातलं पाणी उतरलेलं असतं आणि दुपार तापते. काजवे बघायचे असतील तर मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत जा. तेव्हा गर्दी इतकी होते की काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त दिसतात. मधल्या वारी जाणं उत्तम.

४. माथेरानला गाडी कुठपर्यंत जाते? सामानाचं काय करायचं?

दस्तुरी नाक्यापर्यंत. तिथे गाडी लावायची आणि पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या मिनीट्रेनच्या शटलने. आता काही ई-रिक्षाही धावतात, पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासाठी रांग असते. सामानाला हमाल मिळतात; दर आधी ठरवा.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, पांढरे बूट घालू नका. तिथली लाल माती चिकटली की परतल्यावर तीनदा धुवूनही गुलाबी छटा उरते. दोन, उंची ८०० मीटरच आहे, त्यामुळे गारवा उंचीपेक्षा झाडीमुळे. सावली सोडून पॉइंटवर गेलात की ऊन लागतंच.

५. महाराष्ट्राबाहेर, पण एका रात्रीच्या प्रवासात काय आहे?

माझं मत विचाराल तर पचमढी. सातपुड्यात, १,०६७ मीटरवर. रेल्वेने पिपरियाला उतरायचं, पुढे तास-दीड तास रस्त्याने. धूपगड १,३५२ मीटर, मध्य प्रदेशातलं सर्वोच्च ठिकाण. सूर्यास्ताला तिथे जा. पांडव गुंफा आणि बी फॉल बघण्यासारखे आहेत. जंगलाच्या भागात वन खात्याच्या परवानगीने, ठरलेल्या जिप्सीतूनच जावं लागतं, हे ध्यानात ठेवून दिवस आखा.

माउंट अबू सुमारे १,२२० मीटर. राजस्थानातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण असल्याने अख्खा गुजरात आणि राजस्थान तिथेच लोटतो. दिलवाड्याच्या जैन मंदिरांतलं संगमरवरी कोरीवकाम बघायला मात्र कोणत्याही ऋतूत जावं. सापुतारा नाशिककरांना दोन-अडीच तासांवर. एका मुक्कामापुरतं.

६. उत्तरेला जावं की दक्षिणेला?

खरी थंडी हवी असेल आणि हाताशी आठ-दहा दिवस असतील तर उत्तर. पाच-सहा दिवसच असतील तर दक्षिण.

उटी २,२४० मीटरवर आहे, म्हणजे शिमल्याच्या बरोबरीची. मे महिन्यात शिमल्यात दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडाव्या लागतात, उटीत मात्र वळवाची एक सर आली की शाल शोधावी लागते. कोडाईकनाल २,१०० मीटरच्या आसपास. मुन्नार १,५०० ते १,६००, चहाच्या मळ्यांसाठी. तिथला नीलगिरी ताहर (डोंगरी रानबकरा) बघायचा असेल तर एराविकुलम उद्यान विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, बंद असतं, एप्रिल-मेमध्ये उघडं. नीलकुरिंजीची फुलं मात्र मागू नका. ती १२ वर्षांतून एकदा येतात. २०१८ मध्ये येऊन गेली, आता २०३०. कुर्ग आणि चिकमंगळूर गारेगार असल्याचा समज आहे. मडिकेरी १,१५० मीटर. दुपार साधीच असते.

७. एप्रिल, मे की जून? गर्दी कधी कमी?

सगळ्यांचा हिशेब इथे चुकतो. आपण हवामान बघतो, दुसऱ्यांच्या शाळांचं वेळापत्रक बघत नाही. दिल्ली आणि आसपासच्या शाळांना मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत सुट्टी असते. त्यामुळे शिमला, मनाली, मसुरी, नैनिताल मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि जूनमध्ये तुडुंब. आपल्या परीक्षा एप्रिलमध्ये आटोपतात. एप्रिलअखेर ते १० मे ही खिडकी मराठी माणसाच्या फायद्याची आहे, आणि आपण नेमके "आंबे खाऊन मग निघू" म्हणत ती घालवतो. दक्षिणेत उलटं: तमिळनाडूची सुट्टी एप्रिलअखेरीपासून, त्यामुळे उटीला ऐन मेमध्ये पुष्पप्रदर्शनाच्या दिवसांत रस्त्यावर उभं राहायची तयारी ठेवा.

उत्तराखंडला आणखी एक भानगड. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला चारधाम यात्रा सुरू होते, आणि हरिद्वार-ऋषिकेशचे रस्ते भरून जातात. नैनितालजवळच्या कैंची धामला १५ जूनला मोठा मेळा असतो. त्या दोन-तीन दिवसांत भवालीच्या रस्त्याने जायचं टाळा.

८. रेल्वेचं तिकीट कधी काढायचं आणि उतरायचं कुठे?

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वीचे १२० दिवस डोक्यात धरून लोक अजून जानेवारीत मला विचारतात. ५ मेला निघायचं असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी ८ ला तयार बसा. परतीचं तिकीट वेगळ्या दिवशी उघडतं, ते विसरू नका. तत्काळच्या भरवशावर सहा जणांच्या कुटुंबाला घेऊन निघणं हा जुगार आहे.

शिमल्याला काल्का, नैनितालला काठगोदाम, मसुरीला डेहराडून, धरमशाळेला पठाणकोट, दार्जिलिंग आणि गंगटोकला न्यू जलपाईगुडी, उटीला मेट्टुपालयम किंवा कोइम्बतूर, माउंट अबूला अबू रोड. मनालीला जवळचं म्हणावं असं स्टेशन नाही. बहुतेक जण चंडीगडहून रस्त्याने जातात.

९. मुलांना टॉय ट्रेनमध्ये बसवायचंय. कोणती निवडू?

मुलं किती वेळ शांत बसतात त्यावर ठरवा. निलगिरीची गाडी दातेरी रुळावरून चढते. कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये आणि उटीपर्यंत १९०८ मध्ये पोचली. ४६ किलोमीटरला चढताना जवळपास पाच तास. मेट्टुपालयमचं तिकीट नाही मिळालं तर कुन्नूर-उटी एवढाच टप्पा करा, तासाभराचा. दातेरी रूळ त्याच्या खालच्या टप्प्यात आहे, तो हुकेल. पोरांना कळणार नाही, बाबांना हळहळ वाटेल.

काल्का-शिमला १९०३ ची, ९६ किलोमीटर आणि १०२ बोगदे. प्रत्येक बोगद्यात डब्यातली सगळी पोरं ओरडतात. पहिल्या पंधरा बोगद्यांपर्यंत मजा येते. दार्जिलिंगची १८८१ ची, सगळ्यांत जुनी. पूर्ण प्रवास लांबलचक आहे, म्हणून दार्जिलिंग-घूम ही छोटी फेरी घ्या. या तिन्ही गाड्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आपली नेरळ-माथेरान १९०७ ची, २१ किलोमीटर, त्या यादीत नाही, पण पहिल्यांदा बसवायला हीच बरी.

१०. आई-बाबांना बीपी आहे. किती उंचीपर्यंत नेता येईल?

डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पुढचं फक्त अंदाजासाठी. २,५०० मीटरपर्यंत उंचीचा त्रास सहसा होत नाही, म्हणजे उटी, शिमला, नैनिताल, दार्जिलिंग यांची धास्ती नको. तिथे त्रास होतो तो चढ-उताराचा. शिमल्यात मॉल रोडवर गाड्यांना बंदी आहे. खालून वर जायला लिफ्ट आहे, तरी गुडघे दुखणाऱ्यांसाठी हॉटेल मॉलच्या पातळीवरच घ्या. "पाच मिनिटांवर" म्हणजे कधी कधी पाच मिनिटं उभ्या पायऱ्या असतात.

लेह ३,५०० मीटरवर आहे आणि विमान तुम्हाला दोन तासांत तिथे उतरवतं. शरीराला सवयीला वेळच मिळत नाही. पहिले दोन दिवस खोलीत आणि आसपास, भरपूर पाणी, दारू नाही, धावपळ नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही लक्षणं दिसली तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला तर ताबडतोब खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. सकाळ व्हायची वाट बघायची नाही. गोळी घ्यायची का, कोणती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

हवा किती विरळ आहे ते बघायचं असेल तर पिशवीतल्या वेफर्सच्या पुड्याकडे पाहा. तो उशीसारखा टम्म फुगलेला असतो. पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

११. मे महिन्यात बर्फ मिळेल का?

मिळेल, पण गावात नाही. शिमला किंवा मसुरीत मे महिन्यात बर्फ दाखवतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे जा. मनालीजवळचा रोहतांग घाट (३,९७८ मीटर) उघडला असेल तर तिथे, गुलमर्गला गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर, सिक्कीममध्ये नथुलाला. मे सरत आला की बर्फ मळका, टणक आणि घोड्यांच्या लिदीसकट असतो. मुलांना त्याचं काही वाटत नाही. भाड्याचे कोट आणि गमबूट घ्यायचे तर आतून हात घालून ओल बघा. परवान्यांसाठी पुढचा प्रश्न.

१२. कुठे कुठे परवाना किंवा पास लागतो?

उटी आणि कोडाईकनाल: मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने बाहेरच्या गाड्यांना ई-पास सक्तीचा. पुढे हंगामात रोजच्या गाड्यांवर मर्यादाही आली, त्यामुळे पास आधीच काढा. शिवाय निलगिरी जिल्ह्यात पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांना बंदी आहे. घरून स्टीलची बाटली न्या.

रोहतांग: रोज ठरावीक गाड्यांनाच परवाना, तो ऑनलाइन काढायचा, आणि आठवड्यातला एक दिवस रस्ता दुरुस्तीसाठी बंद. मात्र २०२० मध्ये सुरू झालेल्या ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जायला परवाना लागत नाही. परवाना नाही मिळाला म्हणून मनालीत तोंड पाडून बसू नका.

नथुला: फक्त भारतीय नागरिकांना, नोंदणीकृत एजंटमार्फत, सोमवार-मंगळवार बंद. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट आणि पासपोर्ट आकाराचे फोटो जवळ ठेवा. तवांगसाठी अरुणाचलचं इनर लाइन परमिट लागतं.

१३. स्वतःची गाडी घेऊन उटीला जायचंय. काही अडचण?

म्हैसूरमार्गे जाणार असाल तर बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांना बंद असतो. नाक्यावर हुज्जत घालून उपयोग नाही. संध्याकाळपर्यंत जंगल पार होईल असं निघा, नाहीतर म्हैसूरला मुक्काम करा. मसिनगुडीहून कल्हट्टी घाटाने ३६ वळणं आहेत आणि चढ फार उभा. बाहेरच्या गाड्यांना तिथे निर्बंध असतात. गुडलूरचा रस्ता लांब पण सुखाचा.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर जळका वास येतो. तो आला की बाजूला थांबून अर्धा तास चहा प्या, चाकावर पाणी ओतू नका. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा. आवळासुपारी, आलेपाक, गोळी, जे चालत असेल ते घाट लागण्याच्या अर्धा तास आधी द्या.

१४. हॉटेल निवडताना काय बघायचं?

एका वर्षी मी 'व्हॅली व्ह्यू' अशी खोली पैसे भरून घेतली. पडदा सरकवला तर समोर हॉटेलच्याच नव्या मजल्याचे सळया बाहेर आलेले खांब. दरी होती, खांबांच्या मध्ये, हातभर. तेव्हापासून मी तीन गोष्टी फोनवर विचारतो: खिडकीतून नेमकं काय दिसतं, गाडी दारापर्यंत येते की पायऱ्या आहेत, आणि मे महिन्यात पाणी चोवीस तास असतं का.

शेवटचा प्रश्न चेष्टेचा नाही. डोंगरावरच्या गावांना उन्हाळ्यात पाणीटंचाई असते. २०१८ च्या मेअखेर शिमल्यात पाण्याचे इतके हाल झाले की स्थानिक लोकांनीच पर्यटकांना येऊ नका म्हणून सांगितलं. बादलीत अंघोळ करा, टब मागू नका.

१५. टूरबरोबर जावं की आपलं आपण?

वयस्कर मंडळी, पहिलाच लांबचा प्रवास आणि संध्याकाळी वरणभात हवाच असेल तर टूर. सकाळी साडेसहाला बॅगा खोलीबाहेर ठेवायचा कंटाळा असेल तर आपलं आपण.

१६. काश्मीरला जावं का?

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर खोऱ्यातली अनेक पर्यटनस्थळं बंद केली होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडू लागली. जाणार असाल तर ठरवलेलं प्रत्येक ठिकाण उघडं आहे का ते निघायच्या आठवड्यात बघा, आणि रद्द करता येईल असंच आरक्षण घ्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. घरातला एक तरी नंबर पोस्टपेड असू द्या.

१७. आम्हाला सुट्टीच जूनच्या मध्यानंतर मिळते. मग?

केरळात पाऊस साधारण १ जूनला, महाराष्ट्रात दहा दिवसांनी, हिमाचलात जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोचतो. म्हणजे १५ ते २२ जूनला हिमाचल जमतं, पण ती गर्दीची कमाल असते. त्यानंतर डोंगर खचण्याची भीती. दार्जिलिंग-सिक्कीम जूनमध्ये टाळाच. पावसाच्या आडोशाला असलेले लडाख आणि स्पिती याच काळात उत्तम असतात, पण प्रश्न १० वाचल्याशिवाय नाही.

१८. आम्हाला 'पॉइंट' बघायचेच नाहीत. नुसतं शांत बसायचंय. कुठे जाऊ?

हा प्रश्न वर्षाकाठी दोन-तीन जणच विचारतात, आणि त्यांना उत्तर देताना मला सगळ्यांत बरं वाटतं. मोठ्या नावाच्या शेजारचं गाव निवडा. उटीऐवजी कुन्नूर किंवा कोटगिरी, मसुरीच्या मॉलऐवजी वरचं लंढौर, नैनितालऐवजी रानीखेत, दार्जिलिंगऐवजी कुर्सियांग. एकाच ठिकाणी चार रात्री काढा. गाडीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगून टाका, "साइटसीइंग नको." त्याचा विश्वास बसणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो यादी घेऊन दारात येईलच. त्यालाही चहा विचारा.